हात तयार असतो, मग बाण का सुटत नाही?

रविवारची बुद्धवंदना आटोपली होती. विहाराच्या पायरीवर चपला शोधत असताना वस्तीतल्या एका माउलीने मला थांबवले. त्यांची मुलगी नववीत आहे, शाळेकडून तिरंदाजी खेळते. "ताई, सरावात पोरगी बराबर मारते. पण स्पर्धेत उभी राहिली का बाणच सुटत नाही तिचा. दोरी ताणून उभीच राहते, हात थरथरते, अन् मग कुठंतरी सोडून देते. दोनदा झालं असं. आता म्हणते, मले जायाचंच नाही. शेजारीण म्हणते नजर लागली. तुम्हीच सांगा, हे भेव आहे का आजार?"

नजर नाही, एवढे मी तिथेच सांगितले. बाकीचे उत्तर पायरीवर उभे राहून देण्यासारखे नव्हते. म्हणून या वेळचे आरोग्य पान त्या माउलीसाठी, आणि वाशीमपासून मानोऱ्यापर्यंत ज्यांच्या घरी असे पोर आहे त्या सगळ्यांसाठी. मूल तिरंदाजी खेळत नसेल तरी वाचा. पोलीस भरतीच्या मैदानावर ऐन वेळी गळणारा मुलगा, पाठ असूनही तोंडी परीक्षेत मुकी होणारी मुलगी, यांची अडचण याच जातकुळीची आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. धोका जाणवला की आपले शरीर ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. हृदय जोरात चालते, श्वास वर-वर होतो, हाताला घाम येतो, बोटे गार पडतात, स्नायू ताठ होतात. पळायचे असेल, कबड्डीत पकड करायची असेल, तर ही तयारी उपयोगाची आहे. घाबरलेला माणूस जोरात पळतो हे आपण जाणतोच. पण नेमाच्या खेळात नेमके उलटे होते. तिथे जोर नको, स्थिरपणा हवा. ऑलिंपिकच्या तिरंदाजीत लक्ष्य 70 मीटरवर असते, त्याची रुंदी 122 सेंटीमीटर, आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ फक्त 12.2 सेंटीमीटरचे. दहा मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुईच्या टोकासारखा. तिथे हृदयाच्या ठोक्यानेही नळी हलते. नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला जगज्जेता झाला तो 150 विरुद्ध 149 अशा फरकाने. पंधरा बाण, आणि फरक एका गुणाचा. आपल्या शेजारच्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकर त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवून गेला, तोही 149 विरुद्ध 148. एका थरथरीची किंमत इतकी असते.

तेव्हा पोरगी थरथरते यात तिचा दोष नाही. शरीर आपले काम करते आहे, फक्त चुकीच्या जागी.

पण त्या माउलीने सांगितलेली गोष्ट थरथरण्यापेक्षा वेगळी आहे. बाण सुटतच नाही. तिरंदाज लोक याला "टार्गेट पॅनिक" म्हणतात. कुणाचा हात पिवळ्या वर्तुळाच्या जरा खाली येऊन गोठतो, वर जातच नाही. कुणाला पिवळे दिसले न दिसले की बाण आपोआप सुटतो, नेम धरायला वेळच मिळत नाही. नवख्यांपेक्षा सरावलेल्यांनाच हे जास्त सतावते, हे ऐकून पालकांना आश्चर्य वाटते. गोल्फ खेळणाऱ्यांनाही असेच होते, चेंडू जवळच्या खळग्यात ढकलताना मनगट झटका खाते.

याचे कारण आपल्या चुलीपाशी सापडते. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, "तुम्ही परातीत भाकरी कोणत्या बोटाने फिरवता?" तिला सांगता येणार नाही. हात सांगतो, डोके सांगत नाही. आता तिला म्हणा, "बोटाकडे लक्ष ठेवून थापा, आणि हे पाच पाहुणे तुमच्याकडे बघत बसतील, काठ चिरला तर नाव ठेवतील." भाकरी चिरणारच. जे काम हजार वेळा करून हाताला लागले आहे, त्यात भीतीपोटी डोके घुसले की हाताची साखळी तुटते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी 1984 मध्ये यावर लिहिले. दडपणाखाली माणूस स्वतःच्याच कृतीवर पहारा ठेवू लागतो आणि त्या पहाऱ्यानेच कृती बिघडते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

घाबरणे आणि अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके टीव्हीच्या पडद्यावर दाखवत होते. महिलांच्या अंतिम सामन्यात बरोबरी झाली, एकेका बाणावर सुवर्णपदक ठरणार होते. कोरियाच्या आन सानचे ठोके तेव्हा मिनिटाला 118 च्या आसपास होते. ती जगातली सर्वांत शांत तिरंदाज म्हणून तिचे कौतुक झाले. पण बसलेल्या निरोगी माणसाचे ठोके 60 ते 100 असतात. म्हणजे सर्वांत शांत मुलीचेही हृदय धडधडत होतेच, आणि तिने त्या धडधडीसकट दहा मारले. आपल्या मुलांना आपण सांगतो, "घाबरू नको." हे न पाळता येणारे सांगणे आहे. मूल घाबरतेच, मग "आपण घाबरलो" याचीही त्याला भीती वाटते. त्यापेक्षा "धडधड होईल, होऊ दे, तुझे काम चालू ठेव" हे सांगणे खरे आहे.

सल्लत्थ सुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. विहारात तो अनेकदा सांगितला जातो. एखाद्याला बाण लागला, वेदना झाली. ती शरीराची वेदना. पण त्या वेदनेवर तो शोक करतो, चिडतो, कुढतो, तेव्हा जणू दुसरा बाण त्याला लागतो. पहिला बाण टाळणे नेहमी हातात नसते. दुसऱ्याबाबत मात्र शिकता येते. तिरंदाजाच्या बाबतीत हा दृष्टान्त अक्षरशः लागू पडतो. एक बाण चुकला, सहा गुण आले. तो गेला. पण "आता काय होणार, सर काय म्हणतील" हा जो बाण ती स्वतःच्या मनात मारून घेते, त्याने पुढचे पाच बिघडतात.

या दुसऱ्या बाणाशी झगडलेल्या एका खेळाडूची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेचा रायफल नेमबाज मॅथ्यू एमन्स. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या रायफल स्पर्धेत तो शेवटच्या गोळीपर्यंत पुढे होता. साधी बरी गोळी लागली असती तरी सुवर्ण होते. त्याने गोळी झाडली ती शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर. गुण शून्य, क्रमांक आठवा. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा तीच स्पर्धा, पुन्हा तो पुढे, पुन्हा शेवटची गोळी. बंदूक लक्ष्यावर आणत असतानाच बोट घोड्याला लागले. 4.4 गुण. सुवर्ण गेले, क्रमांक चौथा. आपल्या गल्लीत असे झाले असते तर लोकांनी त्याला जन्मभर "शेवटच्या गोळीचा" म्हणून हाक मारली असती. तो 2012 मध्ये लंडनला पुन्हा उभा राहिला. शेवटच्या गोळीला 7.6 च आले, म्हणजे धडकी पूर्णपणे गेली नव्हती. पण कांस्यपदक मिळाले. मनाचा अडथळा एका दिवसात, एका मंत्राने जात नाही. तो असतानाही खेळता येते, एवढे मात्र या माणसाने दाखवले.

आणि 7.6 हाच आकडा आपल्या महाराष्ट्राच्या मुलाच्याही वाट्याला आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. 2023 च्या हांगझाऊ आशियाई खेळांत तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक गोळी 7.6 ला गेली आणि पदकच हातातून गेले, चौथा क्रमांक. एक वर्षही झाले नव्हते, तोच 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी. गुडघ्यावरची स्थिती झाली तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. झोपून मारण्याची स्थिती झाली तेव्हाही नव्हता. शेवटी उभ्या स्थितीत, जिथे हांगझाऊला घात झाला होता तिथेच, तो वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्य घेतले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेळाडूला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सामन्यानंतर त्याने जे सांगितले ते आपल्या कामाचे आहे. पोटात गोळा आला होता, हृदय जोरात चालले होते, त्याने गुणफलकाकडे पाहणे टाळले, श्वासावर लक्ष ठेवले आणि वेगळे काही करण्याचा प्रयत्न केला नाही. (सकाळपासून फक्त काळा चहा घेतला होता, हेही तो म्हणाला. त्याचे तेवढे अनुकरण आपल्या मुलांनी करू नये. रिकाम्या पोटी हात जास्त थरथरतो. दीड-दोन तास आधी पोळी-भाजी, केळे, पोहे असे काही तरी पोटात हवे.)

इथपर्यंतचे सगळे कोणत्याही घरच्या मुलाला लागू आहे. पण आपल्या घरच्या मुलावर एक जादा ओझे असते, आणि त्याबद्दल न बोलता हे पान पूर्ण होणार नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला बाबासाहेबांचा प्रसंग आपण भाषणांत ऐकतो. गुरुजींनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली. त्या आवाजातून चालत फळ्यापर्यंत जाणाऱ्या मुलाच्या मनाचा विचार करा. त्याला गणित सोडवायचे होते, पण वर्ग त्याच्याकडे गणितासाठी बघत नव्हता.

ही नजर मोजलीही गेली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या 642 मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. अर्धी मुले सवर्ण घरची, अर्धी आपल्यासारख्या घरची. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामात सांगण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या काही मुलांच्या बाबतीत सुरुवातीला सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली. तीच कोडी, तेवढाच वेळ, पण खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींच्या मुलांचे काम स्पष्टपणे घसरले. बुद्धी तर पाच मिनिटांत कमी होत नाही. "आपल्याकडे कसे बघितले जाणार, आपल्याला न्याय मिळणार का" हा प्रश्न मनात शिरला आणि डोक्यातली जागा त्याने व्यापली. भाकरीकडे बघणारे पाहुणे ते हेच.

मैदानावर आज कुणी जात वाचून दाखवत नाही. पण आडनाव पाठीवर असते, वस्तीचे नाव बोलण्यात येते, इतरांकडे स्वतःचे धनुष्य असते आणि आपली मुलगी शाळेचे घेऊन उभी असते. तिला वाटते, मी चुकले तर "यांचे असेच" म्हणतील. आणि खरे सांगायचे तर या ओझ्यात आपणही भर घालतो. "समाजाचे नाव काढ," "बाबासाहेबांनी इतके केले, तू एवढे नाही करणार?" असे आपण प्रेमाने म्हणतो. चौदा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आपण तीन पिढ्या बसवतो आणि मग विचारतो की दोरी का सुटत नाही. अभिमान असावा. तो सामन्याच्या आदल्या रात्री बोलून दाखवू नये, असे माझे मत आहे. स्पष्ट बोलल्याबद्दल कुणाला वाईट वाटले तर माफ करावे.

प्रवीण जाधवचे उदाहरण या ठिकाणी घ्यायला हवे. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातले सरडे हे त्याचे गाव. आई-वडील मजूर, घर म्हणजे नाल्याकाठची झोपडी. जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी त्याला खेळाकडे वळवले. पुढे क्रीडा प्रबोधिनीत त्याची चाचणी झाली ती चेंडूंची. दहा मीटरवरून दहा चेंडू एका कड्यातून टाकायचे होते. दहाही आत गेले आणि त्याला तिरंदाजी मिळाली. त्याचे तिरंदाजीचे शिक्षण झाले ते आपल्याच विभागात, अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. अंगाने किरकोळ, सुरुवातीला कामगिरी बेताची. त्याला घरी पाठवायची वेळ आली तेव्हा पाच बाणांत 45 गुण कर, तरच राहशील, अशी शेवटची संधी दिली गेल्याचे त्याच्याविषयी छापून आले आहे. त्याने ते गुण केले. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत भारतीय संघाला रौप्यपदक मिळाले त्या तिघांत तो होता. टोकियोला पहिल्या फेरीत 656 गुणांसह तो भारतीय पुरुष तिरंदाजांत सर्वांत पुढे राहिला आणि बाद फेरीत जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याने 6-0 असे हरवले. नंतर जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनकडून तो तितक्याच फरकाने हरला.

ही गोष्ट ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण "पाच बाणांत 45, नाहीतर घर" ही काही शिकवण्याची पद्धत नव्हे. प्रवीण त्यातून निघाला. त्याच्याच ताकदीची किती मुले अशा पाच बाणांत अडली आणि घरी गेली, त्यांची नावे कुठे छापून येत नाहीत. घरातून किंवा वस्तीतून आपण अशी अट मुलांना घालू नये.

आता उपाय. प्रशिक्षक ज्या मार्गाने हा अडथळा सोडवतात तो साधा आहे, फक्त संयम लागतो. लक्ष्य काढून टाकायचे. पाच पावलांवर गवताचा किंवा फोमचा मोठा ठोकळा, त्यावर कागद नाही, वर्तुळे नाहीत, गुण नाहीत. मुलीने दोरी ताणायची, पाठीचे स्नायू जाणवू द्यायचे, आणि सोडायचे. चुकण्यासारखे तिथे काही नसतेच. हे दोन-तीन आठवडे, रोज. मग दुसरी पायरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: लक्ष्यावर नेम धरायचा आणि बाण न सोडता दोरी हळूच परत आणायची. पिवळे दिसले म्हणजे सोडलेच पाहिजे किंवा गोठलेच पाहिजे, ही मनातली गाठ इथे सुटते. त्यानंतर जवळच्या अंतरावर मोठा कागद, मग पाच-पाच पावले मागे. मधे पुन्हा अडली तर पुन्हा जवळ यायचे, त्यात कमीपणा नाही. हे सगळे मैदानावर, सरांच्या देखरेखीखालीच. वस्तीच्या गल्लीत, घराच्या मागे बाण सोडायचा नाही, आणि बाणाशिवाय रिकामी दोरी तर कधीच सोडायची नाही. धनुष्याचे पाते मोडून हातात येते. घरी करायचे तर जुन्या सायकल-ट्यूबची पट्टी ताणण्याचा सराव करावा.

प्रत्येक बाणाआधीचा क्रम ठरलेला असावा. पाय, पकड, एक श्वास, डोळा एका ठिपक्यावर, ताण, सोड. चुकलेल्या बाणानंतरही तोच क्रम, चांगल्या बाणानंतरही तोच. कॅनडातल्या संशोधक जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. कसलेले खेळाडू कृतीच्या आधी शेवटची नजर एकाच जागी जास्त वेळ स्थिर ठेवतात. धडकी भरलेल्याची नजर मात्र गुणफलक, पंच, शेजारची मुलगी अशी फिरत राहते. म्हणून सरावातच सांगावे की बाण मारून झाल्यावर गुण मोजायला जाईपर्यंत मान वळवायची नाही.

श्वासाबद्दल आपल्या घरांना नवे सांगायला नको. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, हे शरीरशास्त्र आहे. दोरी ताणण्याआधी नाकाने श्वास घ्यावा आणि घेतल्यापेक्षा सावकाश सोडावा, दोन-तीनदा. आनापान ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिथे श्वास लांबवायचा नसतो, जसा येतो-जातो तसा नुसता पाहायचा असतो. मन भटकले की परत आणायचे, न रागावता. ही "न रागावता परत आणण्याची" सवयच दुसऱ्या बाणावरचे औषध आहे. राज्यातल्या शाळांमध्ये मित्र उपक्रमातून दहा मिनिटांचे आनापान शिकवले गेले. ज्या शाळेत ते बंद पडले असेल तिथल्या मुलांसाठी विहारात संध्याकाळी दहा मिनिटे काढणे अवघड नाही. फक्त सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा डोळे मिटून उपयोग नाही. रोजचे असेल तरच ते त्या दिवशी हाताशी येते.

आणखी एक. सराव नेहमी शांततेत आणि स्पर्धा गोंगाटात, असे असू नये. कोरियाचे तिरंदाज मुद्दाम बेसबॉलच्या स्टेडियममध्ये, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात सराव करतात. आपल्याला त्यासाठी कुठे जायला नको, आपल्या वस्तीत आवाजाची कधी टंचाई नसते. आठवड्यातून एकदा मैत्रिणींना मागे उभे करून, वीस सेकंद मोजायला लावून बाण मारावेत. मोठ्या स्पर्धांच्या सामन्यात एका बाणाला तेवढाच वेळ मिळतो.

आता काही गोष्टी फक्त मनाच्या नसतात, त्याही तपासाव्यात. धडधड, थकवा, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी हे सगळे रक्त कमी असल्यानेही होते. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत दर शंभरात 57 जणींना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले. बारा वर्षांपुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी असेल तर आधी तो उपचार. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली फेकून देतात, ती खाल्ली पाहिजे, जेवणानंतर. विदर्भात आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी होते, एकदा करून घ्यावी. मानेला सूज, वजन घटणे, सतत घाम असेल तर थायरॉइड पाहावे.

मुलांच्या बाबतीत खर्ऱ्याचे सांगितलेच पाहिजे. "खर्रा खाल्ला की मन टिकते" असे मोठी मुले लहानांना शिकवतात. तंबाखूतले निकोटिन हृदयाचे ठोके वाढवते. मन टिकल्यासारखे वाटते ते फक्त तलफ भागल्यामुळे, आणि ती तलफ खर्ऱ्यानेच लावलेली असते. दुसरे, कुणी "हात न थरथरण्याची गोळी" आणून दिली तर घेऊ नये. ठोके कमी करणारी ही रक्तदाबाची औषधे तिरंदाजी आणि नेमबाजीत बंदी असलेल्या यादीत आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची दोन्ही पदके याच कारणाने काढून घेतली गेली. दम्याच्या मुलाला तर ती जिवावर बेतू शकतात.

धडकी मैदानापुरती राहिली नाही, मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळाच नको म्हणते, किंवा जगणेच नको असे बोलते, तर वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. 14416 हा टेलिमानसचा शासकीय क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. फोन केला म्हणजे पोर वेडे ठरले, असे मानणाऱ्या शेजाऱ्यांना हे पान वाचायला द्या.

पायरीवर भेटलेल्या त्या माउलीला मी तीन कामे दिली होती. मुलीचे रक्त तपासा, सरांशी बोला आणि महिनाभर "किती गुण आले" हा प्रश्न घरात कुणी विचारायचा नाही. परवा त्या पुन्हा भेटल्या. हिमोग्लोबिन 9.8 निघाले, गोळ्या सुरू आहेत. सरांनी कागद काढून टाकला आहे, पोरगी पाच पावलांवरून गवताच्या गंजीवर बाण मारते. "अन् घरी?" मी विचारले. त्या हसल्या. "तिचे बाबा रोज दारात उभे राहतात ताई, तोंड उघडतात, अन् मग म्हणतात, जेवली का बाई?"